१ मेच्या बट्टीपार्टीतलं फ्रूट सॅलड बंद करा (आणि केळी परत आणा)



आज जरा भांडायचं आहे. दर वर्षी एप्रिलच्या शेवटी मी ओपीडीत तेच तेच सांगतो, लोक मान डोलावतात आणि १ मेला पुन्हा तेच करतात. म्हणून या वेळी लिहूनच ठेवतो.

१ मे म्हणजे महाराष्ट्र दिन. सकाळी झेंडावंदन, शाळेत मुलांचा निकाल, आणि मग सुटी आहे म्हणून दुपारी कुणाच्या तरी शेतात, मळ्यात किंवा कॉलनीच्या मोकळ्या प्लॉटवर वरण-बट्टीचा बेत. गोवऱ्यांच्या आरावर बट्ट्या, घोटलेली वांग्याची भाजी, वर तूप. याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. मी स्वतः चार बट्ट्या खाणारा माणूस आहे.

माझं भांडण आहे पंगतीच्या शेवटी येणाऱ्या त्या गंजाशी. आदल्या रात्री शिजवलेलं पिवळंधमक कस्टर्ड, त्यात सफरचंद, द्राक्षं, डाळिंब, थोडी केळी, वर लाल-हिरवी टुटीफ्रुटी. सण म्हणून हल्ली त्याचे तीन थर करतात, केशरी, पांढरा, हिरवा. फोटो छान येतो. नाव काय, तर फ्रूट सॅलड.

माझं म्हणणं सरळ आहे. भुसावळच्या मे महिन्यात, शेतात, दुधातलं फ्रूट सॅलड वाढू नका. ते सॅलडही नाही, फळंही नाहीत आणि त्या दिवशी ते सुरक्षितही नाही.

एका १ मेची गोष्ट

काही वर्षांपूर्वीची १ मेची संध्याकाळ. सहा वाजता पहिला पेशंट आला, नऊ वर्षांचा मुलगा, चार उलट्या झालेल्या. मागोमाग त्याची मावशी. मग शेजारचे काका. साडेआठपर्यंत एकाच पार्टीतले सतरा जण माझ्याकडे आले होते. सर्वांत लहान चार वर्षांची मुलगी, सर्वांत मोठ्या सत्तरीच्या आजी.

जो तो एकच सांगत होता, "डॉक्टर, ऊन लागलं." काहींनी वांग्याच्या भाजीवर आळ घेतला, तिखट होती म्हणे. मी प्रत्येकाला विचारत गेलो, काय काय खाल्लं? बट्टी सगळ्यांनी खाल्ली होती. वरण, भाजी, तूप सगळ्यांनी. त्याच पार्टीतले दोन काका पेशंटना घेऊन आले होते आणि ते ठणठणीत होते. दोघांनाही शुगर, म्हणून दोघांनीही गोडाला हात लावला नव्हता.

गंज धुऊन झाला होता, नमुना उरला नव्हता, त्यामुळे प्रयोगशाळेतून काही सिद्ध झालं नाही. पण दुपारी दीडला जेवण आणि साडेचार-पाचला उलट्या, हे वेळापत्रक डॉक्टरला पुष्कळ सांगून जातं. त्या चार वर्षांच्या मुलीला रात्रभर सलाईन लावावी लागली. तिचं वजन तेरा किलो होतं. तेवढ्याशा शरीरातून सव्वा लिटर पाणी गेलं की ती गंभीर अवस्था असते. मोठ्या माणसाला जी "जरा पोटाची गडबड" वाटते, ती लहान मुलाच्या जिवावर बेतू शकते. आणि बाहेर ऊन ४४ अंशांचं असेल तर घामावाटे जाणारं पाणी वेगळंच.

गंजात नेमकं काय घडतं?

वेळेचा हिशोब मांडू. कस्टर्ड शिजलं रात्री दहाला. आठ-दहा लिटरचा गंज. फ्रिजमध्ये मावत नाही, म्हणून ओट्यावरच झाकून ठेवला. एवढ्या मोठ्या भांड्याचा मधला भाग तासन् तास कोमट राहतो. दूध उकळलं म्हणून सगळे जंतू मेले, हा गैरसमज आहे. बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूचे बीजाणू उकळीतही टिकतात आणि पदार्थ कोमट झाला की पुन्हा जागे होतात.

सकाळी फळं कापली. चार जणींनी, गप्पा मारत, उघड्या हातांनी. निरोगी माणसाच्या नाकात आणि कातडीवरही स्टॅफिलोकॉकस नावाचा जंतू असू शकतो. बोटाला छोटीशी पिकलेली जखम असेल तर विचारूच नका. तो हातावरून फळात, फळातून दुधात जातो. दूध, साखर आणि कोमटपणा, जंतूला याहून चांगलं माहेर मिळणार नाही.

मग झेंडावंदन, निकाल, गाडीच्या डिकीतून शेतापर्यंतचा प्रवास. गंज लिंबाच्या सावलीत ठेवला. "सावलीत ठेवलाय ना डॉक्टर!" अहो, सावलीतही हवा ४०-४२ अंशांचीच असते. हवामान खातं जो आकडा सांगतं तो सावलीतलाच असतो.

अन्नाला ५ ते ६० अंश हा धोक्याचा पट्टा मानतात. त्यातही ३० ते ४० अंशांत हे जंतू सर्वांत जोमानं वाढतात. दर अर्ध्या तासाला त्यांची संख्या दुप्पट होते असं धरलं तर पाच तासांत दहा वेळा दुप्पट. म्हणजे एकाचे एक हजार चोवीस. सुरुवातीला हजार असतील तर जेवणाच्या वेळी दहा लाख.

स्टॅफिलोकॉकस वाढताना दुधात विष सोडतो. ते विष उकळूनही जात नाही आणि बर्फ टाकूनही जात नाही. त्याला वास नसतो, चव नसते. म्हणून "चाखून बघितलं, चांगलं होतं" याला काही अर्थ नाही. खाल्ल्यापासून एक ते सहा तासांत उलट्या सुरू होतात.

अमेरिकेत ४ जुलैला, त्यांच्या स्वातंत्र्यदिनी, लोक असेच बाहेर चुली पेटवतात आणि फळांचं सॅलड करतात. तिथला नियम असा: नाशवंत अन्न फ्रिजबाहेर जास्तीत जास्त दोन तास, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. ३२! आपल्याकडे मे महिन्यात पहाटेसुद्धा कधी कधी त्याच्या आसपास असतं. आणि आपण पाच-सहा तास ठेवतो.

बर्फाबद्दल दोन शब्द

"वरून बर्फ टाकतो ना!" बर्फ कुठला? २०१८ मध्ये राज्याच्या अन्न व औषध प्रशासनानं असा नियम केला की जो बर्फ खाण्यासाठी नाही त्यात निळा रंग घालावा, म्हणजे लोकांना फरक कळेल. नियम चांगला आहे. पण लादी पांढरी दिसली म्हणून ती पिण्याच्या पाण्याचीच आहे, ही खात्री मी तरी देणार नाही. ती पोत्यात गुंडाळून, रस्त्यावर घासत आलेली असते. बर्फ भांड्याच्या बाहेर ठेवा, आत नको.

रंगाचं काय?

आपल्या देशात खाण्याच्या पदार्थांत ठरावीकच कृत्रिम रंग चालतात. तेही ठरावीकच पदार्थांत आणि ठरावीक मर्यादेत, साधारणपणे किलोमागे १०० मिलिग्रॅमपर्यंत. घरी बाटलीतून "अंदाजे दोन थेंब, अजून थोडा, फोटोत दिसत नाही" असं टाकताना ही मर्यादा कोण मोजतं? आणि सुटा, कागदाच्या पुडीतला रंग आणला तर तो खाण्याचा आहे की कापडाचा, तेही कळत नाही. २०२४ मध्ये तामिळनाडू आणि कर्नाटकात 'बुढ्ढी के बाल' तपासले तेव्हा त्यात रोडामाइन-बी हा उद्योगधंद्यात वापरायचा रंग सापडला होता.

टुटीफ्रुटी म्हणजे साखरेत मुरवलेली, रंगवलेली कच्ची पपई. केकवरची ती लालभडक 'चेरी' बऱ्याचदा रंगवलेलं करवंद असते. आणि कस्टर्ड पावडर म्हणजे मुख्यतः मक्याचं पीठ, रंग आणि वास. अंडं नाही, केशर तर नाहीच. विष आहे असं मी म्हणत नाही. पण मुलाच्या वाटीत 'फळं' वाढली असं समजू नका.

साखर मोजा

एक लिटर दुधाला आपल्याकडे सहज दीडशे ग्रॅम साखर पडते. आठ वाट्या धरल्या तर प्रत्येक वाटीत १८-१९ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ चार चमचे. फळांतली नैसर्गिक साखर यात धरलेली नाही. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वरून घातलेली साखर दिवसाला शक्यतो २५ ग्रॅमच्या आत ठेवा. एका वाटीत तीन चतुर्थांश कोटा संपला, आणि दुसरी वाटी आग्रहाची असतेच.

देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटींहून जास्त लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत, असं आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात दिसलं. तुमच्या पार्टीत पन्नास माणसं असतील तर त्यातले किती, हा हिशोब तुम्हीच करा.

आणि आता माझा खरा राग

आपण कुठे राहतो? रावेर, यावल, चोपडा, मुक्ताईनगर आपल्या शेजारी. सावदा, निंभोरा, रावेरच्या स्टेशनांवरून केळीच्या गाड्या दिल्लीकडे गेल्या. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच वर्षी आपल्या भरिताच्या वांग्यालाही. देशभर लोक आपली केळी खातात.

आणि आपण महाराष्ट्र दिनाला काय खातो? सफरचंद. मे महिन्यात! हिमाचल-काश्मीरचं सफरचंद ऑगस्ट ते ऑक्टोबरात उतरतं. मेमध्ये तुम्ही खाता ते एक तर सहा-सात महिने कोल्ड स्टोरेजमध्ये राहिलेलं असतं, नाही तर परदेशातून आलेलं. वर किवीच्या चकत्या. ही फळं वाईट नाहीत. पण केळी "काय, रोजचीच" म्हणून बाजूला सारायची आणि तिप्पट-चौपट पैसे मोजून ती आणायची, याला शहाणपण म्हणत नाहीत. भाव कोसळले की आपल्याच भागातले शेतकरी केळी गुरांपुढे टाकतात, त्या बातम्या वाचून हळहळणारेही आपणच.

केळीबद्दल ओपीडीत मला जे ऐकावं लागतं तेही इथेच निपटतो.

*"केळ्यानं सर्दी होते."* सर्दी विषाणूनं होते. केळ्यात सर्दीचा विषाणू नसतो.

*"शुगरवाल्यांनी केळं खायचंच नाही."* खाऊ शकता, प्रमाणात. साखर आटोक्यात असेल तर एक लहान केळं, फार पिकून काळं न पडलेलं, आणि त्या जेवणात अर्धी बट्टी कमी. गंमत म्हणजे हेच लोक केळं टाळून कस्टर्डची वाटी घेतात.

*"दूध आणि केळं विरुद्ध आहार आहे."* आयुर्वेदात तसं सांगितलं आहे, आणि ज्यांना ते पाळायचं त्यांनी जरूर पाळावं. पण आधुनिक वैद्यकाच्या दृष्टीनं निरोगी माणसाला त्यानं अपाय होतो असा पुरावा नाही. आपल्या आज्या शिकरण करतच होत्या. मात्र त्या पान वाढलं की करायच्या आणि तिथल्या तिथे संपवायच्या. रात्रभर ओट्यावर ठेवत नव्हत्या. कस्टर्डशी माझं भांडण दूध-फळाच्या जोडीवरून नाही, घड्याळावरून आहे.

*"केळी पावडर मारून पिकवतात."* कॅल्शियम कार्बाइडनं फळं पिकवायला कायद्यानं बंदी आहे, कारण त्यात आर्सेनिक आणि फॉस्फरसचे विषारी अंश असू शकतात. पण बंद खोलीत इथिलीन वायू ठरावीक प्रमाणात सोडून पिकवण्याला परवानगी आहे. इथिलीन फळ स्वतःही तयार करतं. ओळखीच्या विक्रेत्याला विचारा, कुठल्या रायपनिंग चेंबरमधून माल आला. प्रश्न विचारणारं गिऱ्हाईक असलं की विक्रेताही जपून राहतो.

*"टरबुजात इंजेक्शन मारतात."* भोक पडलेलं टरबूज या उन्हात आंबून जाईल. हे व्हिडिओ पुढे पाठवणं थांबवा. टरबुजाचा खरा धोका वेगळा आहे. ते मातीवर वाढतं, साल न धुता सुरी घातली की सालीवरचे जंतू सुरीसोबत आत जातात. खरबुजाची साल तर खडबडीत, माती धरून ठेवणारी. २०११ मध्ये अमेरिकेत कोलोरॅडोच्या खरबुजांमधून लिस्टेरिया पसरला, १४७ लोक आजारी पडले आणि ३३ दगावले. म्हणून कापण्याआधी धुवा. वाहत्या पाण्याखाली, हातानं चोळून.

मग करायचं काय?

फळं सोडा असं मी म्हणतच नाही. उलट जास्त खा. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत मोठ्या माणसाला रोज सुमारे १०० ग्रॅम फळं सांगितली आहेत. आपल्यातले कितीतरी जण आठवड्यालाही तेवढी खात नाहीत.

साधारण पंचवीस माणसांसाठी:

- चार किलोचं एक टरबूज
- दीड किलोची एक पपई
- एक डझन केळी
- जमल्यास पाच-सहा आंबे (आखाजी झाली की आंबा खायला मोकळीक!)
- तीन-चार काकड्या, पुदिन्याची जुडी
- सहा लिंबं, काळं मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड

साखर नाही, दूध नाही, रंग नाही.

पद्धत महत्त्वाची आहे. सगळी फळं अख्खी न्या. फळाची साल हे देवानं दिलेलं पॅकिंग आहे, ते घरी फोडू नका. घरूनच धुऊन, पुसून, स्वच्छ कापडात बांधा. पिण्याच्या पाण्याचा एक जार फक्त हात आणि सुरी धुण्यासाठी वेगळा ठेवा, साबणासकट. बट्ट्या तुपात चुरायला घेतल्या की मगच फळं कापायला बसा. ज्याच्या बोटाला जखम आहे किंवा ज्याचं पोट बिघडलं आहे, त्याला गोवऱ्या सांभाळायला लावा. कांदा-मिरची-मटणाची सुरी फळांना नको. केळी सर्वांत शेवटी कापा आणि लगेच लिंबू पिळा. लिंबाच्या आंबटपणानं केळी लवकर काळी पडत नाहीत. तासाभरात खाऊन संपवा. उरलं तर गुरांना घाला, डब्यात भरून घरी नेऊ नका.

आणि तिरंगा हवाच असेल तर तो तयार आहे. पपई-आंबा केशरी, केळी पांढरी, काकडी-पुदिना हिरवा. बाटली लागत नाही.

एक इशारा. किडनीचा आजार असेल किंवा रक्तात पोटॅशियम वाढवणारी औषधं चालू असतील, तर केळी आणि आंबा किती खायचा हे आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा. हा लेख वाचून ठरवू नका.

"वर्षातून एकदा तर खातो डॉक्टर!"

हा युक्तिवाद मला दर वर्षी ऐकावा लागतो. साखरेपुरता तो मी मान्यही करीन. पण विषबाधेला एकदाच पुरतं. "लहानपणापासून खातोय, काही झालं नाही" हेही तसंच. हेल्मेट न घालता वीस वर्षं जामनेर रोडवरून सुखरूप आलेला माणूसही हेच म्हणतो.

कस्टर्ड खायचंच असेल तर घरी करा, लहान भांड्यात, पटकन गार करून फ्रिजमध्ये ठेवा, फ्रिजमधून थेट वाटीत आणि वाटीतून थेट पोटात. माझी काही हरकत नाही. शेतात नेऊ नका, एवढंच.

तरीही त्रास झालाच तर

उलट्या-जुलाब सुरू होताच ओआरएस सुरू करा. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. उलटी झाली की दहा मिनिटं थांबून पुन्हा चमच्या-चमच्यानं द्या. जुलाब थांबवायच्या गोळ्या मुलांना स्वतःहून देऊ नका. सहा-आठ तास लघवी नाही, शौचात रक्त, मूल सुस्त, डोळे खोल गेलेले, पाणीही पोटात टिकत नाही, यातलं एकही दिसलं तर घरी बसू नका. आणि अंग भट्टीसारखं तापलं असून माणूस असंबद्ध बोलत असेल, तर तो उष्माघात समजा. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओतून वारा घाला आणि ताबडतोब दवाखाना गाठा.

या १ मेला तुमच्या पार्टीत गंज दिसला तर हा लेख यजमानांना दाखवा. माझं नाव सांगून भांडलात तरी चालेल. त्या संध्याकाळी ओपीडी मी उघडी ठेवणारच आहे, ती रिकामी राहिली तर मला आनंद होईल.

महाराष्ट्र दिनाच्या शुभेच्छा. केळी घ्यायला विसरू नका.